गेज अडकलंय, कारण आत बर्फ आहे

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ मासळीचं कोल्ड रूम, गॅस आर-४०४ए. ऐन जुलैत कॉम्प्रेसर जळला. नवा येईपर्यंत दोन दिवस सक्शन लाइनच्या (गार कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाला फडकं बांधून ठेवलं होतं, वरून पाऊस. नवा कॉम्प्रेसर बसवल्यावर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट केली, लीक नाही. मग गॅस भरण्याआधी आतली हवा आणि ओलावा काढायला ४ सीएफएमचा (मिनिटाला चार घनफूट ओढणारा) टू-स्टेज व्हॅक्यूम पंप सलग सहा तास चालवला. मायक्रॉन गेज (एक मायक्रॉन म्हणजे एक मिलीमीटर पाऱ्याच्या दाबाचा हजारावा भाग) १,८०० च्या आसपास घुटमळतंय, खाली येत नाही. पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद केला की पाच हजारांच्या जवळ चढतं आणि तिथेच थांबतं. पंपाचं तेल ताकासारखं पांढरं झालंय. मालक म्हणतात, मोठा पंप भाड्याने आणा. आणि विचारणाऱ्या मित्राचा खरा सवाल: व्हॅक्यूममध्ये हवा इतकी विरळ होते, तर ओलावा मागे राहतोच कसा? हवेबरोबर तोही निघून जायला नको का?

आधी मालकांना सांगा, मोठ्या पंपाचं भाडं वाचवा. तुमच्या लाइनमध्ये पाणी होतं, त्यातलं थोडं तुम्ही काढलंत आणि उरलेल्याचा तुम्ही स्वतःच बर्फ केलात. पुण्यात बसून मी हे कशावरून म्हणतो? तुमच्याच दोन आकड्यांवरून. त्याकडे येतो, पण त्याआधी "हवेबरोबर ओलावाही जाईल" ही समजूत जरा सोडवून घेऊ, कारण सगळी गडबड तिथेच आहे.

ओलावा दोन ठिकाणी असतो. एक हवेत, वाफ म्हणून. दुसरा पाइपच्या भिंतीवर, तेलात, ट्रॅपच्या (पाइपच्या यू आकाराच्या वळणाच्या) तळाशी, पाणी म्हणून. हवेतला जो आहे तो खरंच हवेबरोबर जातो, त्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर. कोकणात पावसाळ्यात ३० अंशाला, ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. तुमच्या लाइनचं आणि कॉइलचं मिळून पोट १५ लिटर धरलं तर त्या हवेत पाणी किती? ०.४ ग्रॅम. चमच्याच्या तळाला लागेल एवढंसं. पंप चालू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत ते गेलं. हवा निम्मी झाली की त्यातली वाफही निम्मी होते, वाफेचा दाब निम्मा होतो, म्हणजे आतली हवा उलट कोरडी होत जाते. इथवर काही अडचण नाही.

अडचण साठलेल्या पाण्याची. पाणी जोवर पाणी म्हणून आत आहे तोवर ते स्वतःचा वाफेचा दाब धरून ठेवतं, आणि हा दाब फक्त तपमानावर ठरतो. भोवती हवा किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ३० अंशाला हा दाब ४२ मिलीबार, २० अंशाला २३, शून्याला ६.१. आपल्या भाषेत सांगायचं तर शून्य अंशाला ४,५८० मायक्रॉन. तुम्ही हवा ओढता, दाब उतरत उतरत ४२ मिलीबारला येतो, आणि मग पाणी म्हणतं, आता माझी पाळी. ते उकळायला लागतं. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी १२० अंशाला उकळतं, इथे दाब कमी केला म्हणून ३० अंशाला उकळतं. गोष्ट एकच, टोकं दोन. त्या क्षणापासून पाइपात जे भरलेलं आहे ती हवा नव्हेच. ती जवळजवळ निखळ वाफ आहे. तुम्ही जितकी ओढाल तितकी पाणी नवी करून देतं.

जाता जाता: ओली हवा जड असते असं पुष्कळ जण मानतात. उलट आहे. पाण्याचा रेणू १८ वजनाचा, हवेचा सरासरी २९. एकाच दाबाला, एकाच तपमानाला वाफ हवेपेक्षा हलकी. ४२ मिलीबारला ३० अंशाची हवा घनमीटरला ४९ ग्रॅमच्या आसपास भरते, वाफ ३० ग्रॅम. हा फरक लहान वाटेल, पण पुढे घनतेचाच हिशोब आहे म्हणून सांगून ठेवतो.

शिकाऊ मुलांना मी एक गोष्ट नेहमी दाखवतो. जाड काचेची बेल जार, खाली पंपाला जोडलेली. आत बशीत २० मिली पाणी, त्यात थर्मामीटर. खोलीत २८ अंश. पंप चालू केला की पहिल्या दोन-चार सेकंदांत जारमध्ये धुकं येतं आणि जातं. पावसाळ्यात ते इतकं दाट असतं की बशी दिसेनाशी होते. हवा एकदम पसरली, थंड झाली, तिच्यातल्या वाफेचे थेंब झाले. मग पाण्यात बारीक बुडबुडे येतात. मुलं ओरडतात, उकळलं! ते उकळणं नसतं, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. खरं उकळणं ३८ मिलीबारच्या आसपास सुरू होतं, आणि ते दांडगं असतं, बशीतून शिंतोडे उडतात. आता सगळ्यांना मी थर्मामीटरकडे बघायला लावतो. २८ वरून २०, १५, ८, ३. पाणी उकळतंय आणि गार होतंय. आग नाही, मग वाफ व्हायला लागणारी उष्णता येणार कुठून? पाणी आपल्याच अंगातून देतं. शून्याच्या जवळ आल्यावर क्षणभर सगळं शांत होतं, आणि मग एका काठावरून पांढरी साय धरते, मधले बुडबुडे तसेच फुगलेले गोठतात. जार उघडून बशी वजन केली तर १७ ग्रॅम भरते. तीन ग्रॅम गेलं, सतरा ग्रॅमचा दगड झाला.

हिशोबही तेवढाच येतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,४५० जूल लागतात. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ जूल सुटतात. म्हणजे एक ग्रॅम वाफ होऊन गेली की सातेक ग्रॅम पाणी गोठवून जाते. बाहेरून उष्णता दिली नाही तर पाण्याचा फार तर सहावा भाग पळतो, बाकीचा बर्फ होऊन बसतो.

आता तुमचे आकडे. व्हॉल्व्ह बंद केल्यावर गेज चढतं आणि पाच हजारांच्या जवळ थांबतं. लीक असता तर ते थांबलंच नसतं. बाहेर १०१३ मिलीबार बसलेत, त्यांनी आत यायचं का थांबावं? थांबलं याचा अर्थ आत असं काहीतरी आहे जे ठरावीक दाबाला येऊन समाधान पावतं. तो पदार्थ पाणी. आणि बाहेर २८ अंश असताना ते पाणी २८ अंशाच्या दाबाला, म्हणजे २८,००० मायक्रॉनपर्यंत का गेलं नाही? कारण ते २८ अंशाला नाही. ४,५८० हा शून्य अंशाचा आकडा आहे. वितळणारा बर्फ जोवर पूर्ण वितळत नाही तोवर शून्याला चिकटून राहतो, गेजही तोवर तिथेच. तुमचं मायक्रॉन गेज त्या घटकेला थर्मामीटर झालंय.

तुम्ही विचाराल, ४,५८० कुठे आणि पाच हजार कुठे. बहुतेक मायक्रॉन गेज उष्णता मोजतात. तापलेल्या तारेला भोवतीचा गॅस किती गार करतो त्यावरून दाब सांगायचा, ही मार्चेल्लो पिरानीची १९०६ ची युक्ती. ते गेज हवेवर किंवा नायट्रोजनवर लावलेलं असतं. वाफ तारेला जास्त गार करते, म्हणून गेज खऱ्यापेक्षा थोडं चढं दाखवतं. तेव्हा आकडा हुबेहूब धरून बसू नका. तो कुठे थांबला आणि थांबला की नाही, एवढं बघा.

दुसरा आकडा १,८००. पंप चालू असताना. मायनस ११ अंशाच्या बर्फावर वाफेचा दाब तेवढाच असतो. बर्फाला पाण्यासारखं उकळता येत नाही, पण त्याचीही सरळ वाफ होते, सावकाश. पंप जेवढी ओढतो तेवढी बर्फ देतो, त्या देवाणघेवाणीत तो उणे ११ ला स्थिरावलाय. सहा काय, सोळा तास तुम्ही तिथेच असता.

आणि घनतेचा मुद्दा इथे येतो. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय: पंप वजन ओढत नाही, आकारमान ओढतो. ४ सीएफएम म्हणजे मिनिटाला ११३ लिटर. दाब कितीही असो, ११३ लिटरच. त्या ११३ लिटरमध्ये माल किती हे घनतेवर. ३० अंशाला, ४२ मिलीबारला एक ग्रॅम पाण्याची वाफ ३३ लिटर जागा घेते. तीच एक ग्रॅम १ मिलीबारला १,४०० लिटर. तुमच्या १,८०० मायक्रॉनला, म्हणजे २.४ मिलीबारला, ५८० लिटरच्या आसपास.

समजा ट्रॅपमध्ये अर्धा कप, १०० ग्रॅम पाणी आहे. ते ३० अंशाला ठेवून काढलं तर ३,३०० लिटर, पंपाच्या पाटीवरच्या वेगाने अर्धा तास. त्याचा बर्फ करून २.४ मिलीबारला काढलं तर ५८,००० लिटर, साडेआठ तास. तेही होज मध्ये नसती तर. पाव इंची होज, तिच्या टोकाला श्रेडरची (सर्व्हिस व्हॉल्व्हमधली स्प्रिंगची) पिन, म्हणजे पाटीवरच्या वेगाचा बराचसा भाग वाटेतच गळतो. तेव्हा तुमच्या सहा तासांत पंधरा-वीस ग्रॅम निघालं असलं तरी पुष्कळ.

आता मोठा पंप आणून काय होईल? १,८०० चे १,२०० होतील, बर्फ आणखी गार होईल, त्याची वाफ आणखी विरळ होईल. लोक खोल व्हॅक्यूमच्या मागे लागतात. पाणी काढताना दाब खाली नेणं हे काम नाही. पाण्याचं तपमान वर धरून ठेवणं हे काम. त्या १०० ग्रॅमची वाफ करायला सुमारे २४५ किलोजूल लागतात. २०० वॉटचा एखादा हॅलोजन वीस मिनिटांत तेवढी उष्णता देतो. तीस हजारांच्या पंपाने जे होणार नाही ते त्या दिव्याने होतं, फक्त तो नेमक्या जागी लावायला हवा.

नेमकी जागा शोधायची कशी? हाताने. व्हॅक्यूम चालू ठेवा आणि सक्शन लाइनवरून हात फिरवत जा. रायझरच्या (उभ्या पाइपच्या) तळाचा यू-ट्रॅप, बाष्पकाच्या (खोलीतल्या गार कॉइलच्या) हेडरचं खालचं टोक, ॲक्युम्युलेटर (सक्शन लाइनवरची द्रव अडवणारी टाकी) असेल तर त्याचं बूड. ट्रॅपवरचा काळा रबरी स्लीव्ह ब्लेडने उभा चिरा, नंतर चिकटवता येतो. जिथे बर्फ असेल तिथला पाइप बाहेरून घाम गाळत असतो, पावसाळ्यात तर टपकत असतो. बाकी लाइन कोरडी आणि एक वीतभर तुकडा ओलागार, एवढं स्पष्ट दिसतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका गोठणीच्या खोलीत दोन युनिटं होती. एकाचा बाष्पक बदलला, तोही पावसाळ्यात. मालाला धक्का लागू नये म्हणून दुसरं युनिट चालूच ठेवलं होतं, खोली उणे २५ ला. रात्रभर पंप लावला. सकाळी गेज ४८० वर. व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास बसलो, काटा जागचा हलला नाही. पाचशेच्या खाली आणि होल्डही पक्का, अजून काय पाहिजे? गॅस भरला, बिल दिलं, घरी आलो. चौथ्या दिवशी फोन: कूलिंग नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर (ज्याच्या बारीक छिद्रातून द्रव गॅस कॉइलमध्ये शिरतो) गरम पाण्याचं फडकं टाकलं, फुस्स आवाज झाला, कूलिंग परत. दोन तासांनी पुन्हा बंद. पाणी व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठत होतं. मी डोकं धरून बसलो की ४८० ला पाणी आलं कुठून. कितीतरी दिवसांनी वाफेच्या दाबाचा तक्ता समोर ठेवला तेव्हा कळलं: उणे २५ अंशाच्या बर्फाचा दाब ४७४ मायक्रॉन. मी अर्धा तास ज्याच्याकडे कौतुकाने बघत होतो तो आकडा त्या बर्फाचाच होता. बर्फ आत आरामात, गेज त्याचा दाब दाखवतंय, आणि मी त्याला कोरडेपणा समजतोय. गॅस, ड्रायर (लाइनमधला ओलावा शोषणारा फिल्टर), दोन दिवसांची मजुरी सगळी माझ्या खिशातून गेली.

तेव्हापासून थंड खोलीत व्हॅक्यूम करायचा नाही हा माझा नियम. माल हलवा, दार उघडा, कॉइल बाहेरच्या तपमानाला येऊ द्या. उणे ४० च्या खोलीत तर १०० मायक्रॉनलाही तुम्हाला काही कळणार नाही.

आता तुमचं काम. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

पंप बंद करा आणि कोरड्या नायट्रोजनने व्हॅक्यूम तोडा, थोडा दाब चढवा. यात दोन फायदे. व्हॅक्यूममध्ये उष्णता पोचत नाही, थर्मासच्या बाटलीचं तत्त्व. बर्फाला बाहेरची ऊब फक्त तो जिथे तांब्याला टेकलाय तिथूनच मिळते. नायट्रोजन आत आला की चारी बाजूंनी मिळते. दुसरं, तो स्वतः हाडाचा कोरडा असतो. मग ट्रॅपवर हीट गन किंवा गरम पाण्याची फडकी. टॉर्च नको, स्लीव्ह आणि सांधे दोन्ही जातील. बाष्पकाला डिफ्रॉस्ट हीटर असतीलच, ते थोडा थोडा वेळ चालवा, कॉइलला हात लावून कोमट झाली की बंद. नायट्रोजन रेग्युलेटरमधूनच, आणि सिलिंडरचा रंग दोनदा बघा. ऑक्सिजन तेलाला लागला तर बाकी काही सांगायला कोणी उरत नाही.

बर्फ वितळला की ते पाणी व्हॅक्यूमने काढू नका. ते पाणी आहे, त्याला पाण्यासारखं वागवा: खालचं तोंड उघडा आणि नायट्रोजनच्या झोताने बाहेर काढा. अर्धा कप पाणी फुंकून काढायला दोन मिनिटं लागतात. वाफ करून काढायला किती, ते वर बघितलंच. माझा अंदाज, तुमच्या ट्रॅपखाली ठेवलेल्या डब्यात काहीतरी पडेलच.

मग पंपाचं तेल. ताकासारखं झालंय म्हणजे वाफ पंपातच पाणी झाली. पंपाला आतली वाफ दाबून १०१३ मिलीबारच्या वर न्यावी लागते, तेव्हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो. पाच मिलीबारची वाफ दोनशे पटींनी दाबायची. पंप आत ७० अंशाला असेल तर वाफ ३१२ मिलीबारच्या वर वाफ म्हणून राहूच शकत नाही. व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच तिचं पाणी होतं आणि तेलात मिसळतं. पाणी मिसळलेलं तेल पुन्हा आतल्या बाजूला वाफ सोडतं, म्हणजे पंप स्वतःचंच पाणी ओढत बसतो. याच्यावरचा उपाय वोल्फगांग गेडेने १९३५ साली काढला आणि तो तुमच्या पंपावर एका छोट्या चावीच्या रूपात बसलेला आहे: गॅस बॅलास्ट. ती उघडली की दाबण्याच्या टप्प्यात थोडी बाहेरची हवा आत घेतली जाते, तिच्या आधाराने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि वाफ पाणी व्हायच्या आधीच बाहेर पडते. बरेच मेकॅनिक ती चावी कधी फिरवतच नाहीत, काहींना ती तेल भरायची जागा वाटते. पहिली वीस-तीस मिनिटं बॅलास्ट उघडा ठेवा, पंप हाताला चांगला गरम लागेपर्यंत. चावी उघडी असताना गेज फार खाली जाणार नाही, ते ठीक आहे. नंतर बंद करा. तेल आत्ता बदला, आणि या कामात आणखी एकदा बदलायची तयारी ठेवा. तेल स्वस्त आहे.

होज बदला. पाव इंचाऐवजी तीन-अष्टमांश. या दाबाला गॅस अजून दाटीवाटीने वाहतो, रेणू भिंतीपेक्षा एकमेकांवरच जास्त आपटतात, आणि अशा वेळी वहनक्षमता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. दीडपट व्यास म्हणजे पाचपट वाट. श्रेडरच्या पिना काढायचं हत्यार येतं, ते वापरा. हाय साइड आणि लो साइड (जास्त आणि कमी दाबाची बाजू) दोन्हीकडून ओढा. गेज पंपाजवळ लावू नका, सिस्टिमच्या लांबच्या टोकाला लावा. पंपाशी लावलेलं गेज पंपाची तब्येत सांगतं, सिस्टिमची नाही.

मॅनिफोल्डवरचा (गॅस भरायच्या गेजच्या संचावरचा) साधा कंपाउंड गेज या कामात बघूच नका. एक इंच पारा म्हणजे २५,४०० मायक्रॉन. त्याच्या सुईच्या जाडीतच तुमचा सगळा प्रश्न मावतो. शिवाय तो बाहेरच्या हवेशी तुलना करतो. रत्नागिरीत समुद्रसपाटीला पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे उणे ३० इंचांच्या जवळ. आमच्या पुण्यात, ५६० मीटरवर, काही केलं तरी उणे २८ च्या पुढे जाणार नाही. इथे कुणी "तीस आलं" म्हटलं तर मी त्याच्या गेजचा झिरो तपासतो.

यानंतर तिहेरी व्हॅक्यूम. दोन-अडीच हजारांपर्यंत ओढा, नायट्रोजनने तोडा, पंधरा मिनिटं राहू द्या, सोडा. परत तेच. तिसऱ्या वेळी पाचशेच्या खाली न्या. दोन हजार मायक्रॉनला ओढून परत भरलं की आतला जुना गॅस ३८० पटीने पातळ होतो. पण हा आकडा मिरवू नका, कारण भिंतींना चिकटलेलं पाणी या गणितात येत नाही. धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू थरांनी बसलेले असतात आणि ते आपल्या सवडीने सुटतात. त्यांना हलवते ती ऊब. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय ना, चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांची. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींच्या नळ्या पंप लावलेले असताना दीडशे अंशांच्या आसपास कित्येक आठवडे तापवत ठेवल्या होत्या, मुख्यतः या चिकट पाण्यासाठी. आपल्याला तेवढं करायचं नाही. कॉइल कोमट असली की आपलं भागतं.

एक गोष्ट मात्र व्हॅक्यूमने होणार नाही. आर-४०४ए बरोबर चालणारं कॉम्प्रेसरचं पीओई (पॉलिओल एस्टर) तेल ओलाव्याचं भुकेलं असतं. मिठाच्या उघड्या बरणीसारखं ते हवेतून पाणी ओढतं, आणि एकदा ओढलं की सहजी सोडत नाही, शिवाय पाण्याशी संयोग होऊन आम्ल करतं. जळलेल्या कॉम्प्रेसरचं जुनं आम्ल लाइनमध्ये आहेच, त्यात ही भर. नव्या कॉम्प्रेसरबरोबर आलेलं तेल त्या दोन दिवसांत उघडं राहिलं नसेल तर ठीक. बसवताना प्लग काढून तासभर तसाच ठेवला असेल तर तेलही बदला. लिक्विड लाइनचा ड्रायर नवा, सक्शनला जळक्या कॉम्प्रेसरसाठीचा फिल्टर-ड्रायर. ड्रायरचे प्लग सगळ्यात शेवटी काढा. पाकिटातून काढून सकाळपासून कट्ट्यावर ठेवलेला ड्रायर दुपारपर्यंत कोकणची हवा पिऊन फुगलेला असतो.

होल्ड टेस्ट: पाचशेच्या खाली आल्यावर व्हॉल्व्ह बंद, अर्धा तास. हजाराच्या आत स्थिरावलं तर गॅस भरा. दोन-तीन हजारांकडे जाऊन रेंगाळलं तर अजून पाणी आहे, पुन्हा ऊब आणि नायट्रोजन. एकसारखं, न थकता चढत राहिलं तर लीक, आणि तो बऱ्याचदा तुमच्याच होजच्या वॉशरमध्ये असतो. आधी होज आणि गेज एवढंच वेगळं ओढून बघा. आणि हे सगळं करताना कॉइलचं तपमान बाहेरच्या हवेइतकं आहे ना, हे हाताने बघा. का, ते माझ्या खिशाला विचारा.

अजून एक, कारण तुमचा कॉम्प्रेसर नवा आहे. व्हॅक्यूममध्ये असताना त्याला चालू करून बघू नका, मेगरही (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावू नका. गॅस दाट असतो तेव्हा तो वाइंडिंगला इन्सुलेशनचं काम करतो. विरळ झाला की ते इन्सुलेशन आधी कमी होत जातं आणि काही मिलीबारच्या आसपास सर्वांत दुबळं होतं. हवेत तेव्हा ३३० व्होल्टच्या आसपासही ठिणगी उडू शकते. हा पाशेनचा नियम, १८८९ चा. तुमच्या टर्मिनलवर ४१५ आहेत, मेगरचे ५००. नवा कॉम्प्रेसर व्हॅक्यूममध्ये "जरा फिरवून बघू" म्हणून जाळलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. टर्मिनल ब्लॉकच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती, बाकी सगळं कोरं करकरीत.

ट्रॅपमधून किती पाणी निघतं ते मापून कळवा. दीडशे मिलीच्या वर निघालं तर ते फडक्यातून झिरपलेलं नाही. मग कंडेन्सरची कॉइल, किंवा पाण्यावर चालणारा कंडेन्सर असेल तर त्याच्या नळ्या एकदा दाब देऊन तपासायला लागतील.